स्कॅन होतं, पण संगणकावर येत नाही: ऑफिसच्या झेरॉक्स मशीनची परवानगी नेमकी कुठे अडते?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला लहान युनिट्स भरपूर आहेत. कुणाचं मशीन शॉप, कुणाचं पॅकेजिंग, कुणाची शीट मेटलची कामं. अशा युनिटचं ऑफिस म्हणजे बहुधा दोन-तीन संगणक, एक राउटर आणि कोपऱ्यात एक मोठं मशीन. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन ही तिन्ही कामं तेच करतं. कंपनीच्या भाषेत ते मल्टिफंक्शन प्रिंटर, पण ऑफिसात सगळे त्याला झेरॉक्स मशीनच म्हणतात. सिडको, पाथर्डी फाटा भागातली टॅक्स सल्लागारांची ऑफिसं असोत की फॉर्म भरून देणारी केंद्रं, चित्र थोड्याफार फरकाने असंच दिसतं. आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली अशा ठिकाणी अकाउंट्स, डिस्पॅच, डेटा एंट्री सांभाळतात. काही जण अशा मशीनच्या दुरुस्तीचाच धंदा करतात.

या सगळ्यांची एक तक्रार सारखी असते. कागद मशीनवर ठेवला, बटण दाबलं, दिवा फिरला आणि स्क्रीनवर आलं, ‘पाठवता आलं नाही’. प्रिंट व्यवस्थित निघते, झेरॉक्सही निघते, फक्त स्कॅन केलेली फाइल संगणकाच्या फोल्डरमध्ये येत नाही. मग कुणीतरी येतो, फोल्डर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांना खुला करून देतो, फायरवॉल बंद करतो आणि निघून जातो. स्कॅन सुरू होतं, सगळे खूश.

खरा धोका इथूनच सुरू होतो. ही अडचण सोडवायला घराची सगळी दारं उघडावी लागत नाहीत. एक दार, एक किल्ली आणि एक खोली एवढं पुरतं. ते कसं करायचं आणि दारं सताड उघडी ठेवली तर काय होतं, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

प्रिंट चालते, मग स्कॅन का अडतं?

पहिला गोंधळ इथेच होतो. ‘प्रिंट निघते म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

प्रिंट देताना संगणक मशीनकडे जातो. मशीन कुणालाही फारसं अडवत नाही, कागद छापून देतं. स्कॅन करताना उलटं होतं. आता मशीन संगणकाच्या दारात जातं आणि म्हणतं, ‘ही फाइल तुमच्या फोल्डरमध्ये ठेवू द्या.’ संगणकाच्या दृष्टीने हा बाहेरचा माणूस. तो विचारणारच: तू कोण, तुझा पासवर्ड काय, आणि या फोल्डरमध्ये काही ठेवायची परवानगी तुला कुणी दिली?

हे बोलणं ज्या भाषेत चालतं तिला एसएमबी म्हणतात. विंडोज संगणक एकमेकांचे फोल्डर याच भाषेत उघडतात आणि मशीनही तीच वापरतं. या भाषेच्या आवृत्त्या आहेत. पहिली १९८० च्या दशकातली. दुसरी विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. जुनं मशीन पहिलीच भाषा बोलत असेल आणि नवा संगणक ती ऐकायलाच तयार नसेल, तर युझर आणि पासवर्ड बरोबर असूनही काम होत नाही.

टेम्पो, गेट आणि स्टोअर

अंबडमध्ये काम करणाऱ्याला हे एका उदाहरणात समजेल. तुमच्या कंपनीत माल घेऊन टेम्पो येतो. त्याला तीन टप्पे पार करावे लागतात. आधी प्लॉट नंबर सापडायला हवा. मग गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. आणि आत गेल्यावर स्टोअरवाल्याने ‘ठेव इथे’ म्हणायला हवं. तिन्ही ठिकाणच्या अडचणी वेगळ्या आणि इलाजही वेगळे. प्लॉटच सापडला नसेल तर वॉचमनशी भांडून काय उपयोग?

स्कॅनचंही तसंच आहे. आधी ठरवा की टेम्पो कुठे अडलाय.

पहिला टप्पा, पोहोचला का? मशीनला संगणक सापडतच नसेल तर परवानगीचा प्रश्नच येत नाही. क्योसेराच्या मशीनवर साधारणपणे २१०१ हा कोड येतो, कॅननवर ७५१. याचा अर्थ संगणक बंद आहे, स्लीपमध्ये गेलाय, केबल निघाली आहे किंवा त्याचा पत्ता बदललाय.

दुसरा टप्पा, ओळखला का? क्योसेरावर ११०२ किंवा कॅननवर ८०६ आला, किंवा रिकोच्या मशीनने ऑथेंटिकेशन झालं नाही असा संदेश दिला, तर बहुतेक वेळा युझरचं नाव किंवा पासवर्ड जुळत नाही असं समजा.

तिसरा टप्पा, ठेवू दिलं का? ओळख पटली, पण फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही किंवा फोल्डरचा मार्ग चुकीचा लिहिलाय. क्योसेरावर इथे ११०३ दिसतो. काही मशीन दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला एकच कोड दाखवतात. म्हणून कोड हा इशारा समजायचा, निकाल नाही.

इंजिनिअरला फोन करताना नुसतं ‘स्कॅन होत नाही’ म्हणू नका. स्क्रीनवरचा कोड सांगा, शक्यतो फोटो पाठवा. निम्मं काम तिथेच होतं.

काल चालत होतं, आज काय झालं?

‘आम्ही काहीच बदललं नाही,’ असं प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं. लोक खरंच बोलत असतात. त्यांनी बदललेलं नसतं, पण बदललेलं असतं.

लाइट गेली आणि आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि संगणकांना नव्याने पत्ते वाटतो. काल ज्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० होता, तो आज १९२.१६८.१.२४ होऊ शकतो. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये मात्र जुनाच पत्ता असतो. टेम्पो जुन्या प्लॉटवर जाऊन परत येतो.

दुसरं कारण पासवर्ड. अकाउंटंटने आपला पासवर्ड बदलला, पण मशीनमध्ये जुनाच राहिला. तिसरं कारण घड्याळ. वापरलेलं जुनं मशीन असेल, आतली बॅटरी संपली असेल, तर लाइट गेल्यावर त्याची तारीख भलतीच मागे जाते. ओळख पटवण्याच्या काही पद्धतींत वेळही तपासली जाते. मशीन आणि संगणकाच्या घड्याळात मोठा फरक पडला की बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. मशीनवरची तारीख बघायला दहा सेकंद लागतात, ती आधी बघा.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे विंडोज बदलणं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्याच्या आगेमागे बऱ्याच ऑफिसांनी विंडोज ११ घेतलं. त्यातली २४एच२ ही आवृत्ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली, आणि तिने दारावरचे नियम कडक केले. प्रो आणि एंटरप्राइझ प्रकारात आता येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर डिजिटल सही लागते, म्हणजे फाइल खरंच त्याच मशीनकडून आली आणि वाटेत कुणी बदलली नाही याची खूण. जुन्या मशीनला ही सही करता येत नाही. ‘गेस्ट’ म्हणून बिनपासवर्डाचा जो आत शिरायचा, त्यालाही सही करता येत नाही, त्यामुळे तोही बाहेर राहतो. ओळख पटवण्याची एनटीएलएमची पहिली, कमकुवत पद्धत या आवृत्तीतून काढूनच टाकली आहे. शिवाय या आवृत्तीत नवा फोल्डर शेअर केला की फायरवॉल १३७ ते १३९ ही जुनी दारं उघडत नाही, फक्त ४४५ नंबरचं उघडते. त्यामुळे संगणकाला जुन्या पद्धतीने नावाने शोधणारी मशीन गोंधळतात.

म्हणजे संगणक बिघडलेला नाही. वॉचमन नवा आलाय आणि तो खरोखर रजिस्टर तपासतो, एवढंच. होम प्रकारात ही सहीची सक्ती नसते. म्हणून एकाच ऑफिसात एका संगणकावर स्कॅन येतं आणि शेजारच्यावर येत नाही, असंही घडतं. आपली आवृत्ती बघायची असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ टाइप करून एंटर करा.

नीट इलाज: एक युझर, एक फोल्डर

आता प्रत्यक्ष काम. संगणकाची थोडी सवय असलेल्या कुणालाही हे तासाभरात जमेल. एक गोष्ट मात्र आधी: संगणक कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

एक. पत्ता पक्का करा. ज्या संगणकावर स्कॅन यायचंय त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी तोच मिळेल. राउटरमध्ये याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. मशीनचा पत्ताही तसाच पक्का करा. संगणक कामाच्या वेळेत स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग ठेवा.

दोन. नेटवर्कचा प्रकार बघा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा आणि ते ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते तपासा. पब्लिक म्हणजे विंडोजच्या मते तुम्ही बसस्टँडवरच्या वायफायवर आहात. मग तो कुणालाच फोल्डर दाखवत नाही. ऑफिसच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी प्रायव्हेट करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. वेगळं अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तिथेही हे बघावं लागतं. फायरवॉल अख्खी बंद करायची मात्र गरज नाही.

तीन. मशीनसाठी वेगळा युझर बनवा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मालकाचा किंवा अकाउंटंटचा युझर मशीनमध्ये टाकू नका. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युझर्स इथे जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय एक नवा साधा युझर बनवा. नाव इंग्रजीत, छोटं ठेवा. प्रकार ‘स्टँडर्ड’ असू द्या, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नको. पासवर्ड लांब ठेवा, पण काही जुन्या मशीनना खूप लांब पासवर्ड किंवा विचित्र चिन्हं झेपत नाहीत. बारा-चौदा अक्षरं आणि आकडे पुरतात.

इथे दोन गैरसमज नेहमी आड येतात. संगणक उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो आणि तीच मशीनमध्ये भरतो. पिन फक्त त्या संगणकासमोर बसून चालते, नेटवर्कवरून नाही. दुसरं, काही ऑफिसात संगणकाला पासवर्डच नसतो. विंडोज रिकाम्या पासवर्डाने नेटवर्कवरून कुणालाही आत घेत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे पासवर्डच नाही, मग अडतं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर असं की, पासवर्ड नाही म्हणूनच अडतं.

चार. फोल्डर योग्य जागी बनवा. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नको, कारण त्या जागा एका माणसाच्या असतात. सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

पाच. दोन्ही कुलपं उघडा. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात. पहिलं ‘शेअरिंग’च्या पानावर. तिथे ॲडव्हान्स्ड शेअरिंग, मग परमिशन्स. दुसरं ‘सिक्युरिटी’च्या पानावर. एका कुलपात परवानगी दिली आणि दुसऱ्यात नाही, तर जे कडक असेल ते चालतं. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल तर मशीनला फोल्डर दिसेल, पण फाइल ठेवता येणार नाही.

म्हणून शेअरिंगच्या पानावरून ‘एव्हरीवन’ काढून टाका. आपण बनवलेला युझर घाला आणि त्याला ‘चेंज’ व ‘रीड’ द्या. दुसऱ्या संगणकावरून ज्यांना फाइल उचलायची आहे त्यांचीही नावं इथेच घाला. मग सिक्युरिटीच्या पानावर त्याच युझरला ‘मॉडिफाय’ द्या. ‘फुल कंट्रोल’ची गरज दोन्हीकडे नाही. मशीनला फाइल ठेवायची आहे, फोल्डरच्या परवानग्या बदलायच्या नाहीत.

सहा. मशीनमध्ये माहिती भरा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं. तिथल्या ॲड्रेस बुकमध्ये संगणकाचा नावाऐवजी आकडी पत्ता लिहा. फोल्डरच्या जागी शेअर करताना दिलेलं नाव लिहा, ‘सी ड्राइव्हमधला अमुक फोल्डर’ असा पूर्ण मार्ग नव्हे. युझरच्या जागी नुसतं नाव चाललं नाही तर संगणकाचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ आणि मग युझरचं नाव असं लिहून बघा. पासवर्ड प्रत्येक वेळी नव्याने टाइप करा. ठिपके दिसतात म्हणजे आतला पासवर्ड बरोबर आहे असं नाही.

सात. भाषा बघा. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबीची आवृत्ती २ किंवा ३ निवडता येते का ते पाहा. पर्याय दिसत नसेल तर कंपनीच्या इंजिनिअरला मशीनचं फर्मवेअर, म्हणजे आतली प्रणाली, अद्ययावत करायला सांगा. पुष्कळ मशीन एवढ्याने वाचतात, नवीन घ्यायची वेळ येत नाही.

अजूनही चालत नसेल तर एक सोपी परीक्षा घ्या. ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावरून तोच पत्ता, तोच युझर, तोच पासवर्ड वापरून तो फोल्डर उघडा आणि आत एक छोटी फाइल ठेवा. फाइल ठेवता आली तर संगणकाची बाजू ठीक आहे, दोष मशीनच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या भाषेत. ठेवता आली नाही तर मशीनला हात लावू नका, संगणकावरच शोधा. या एका परीक्षेने दोन दिवसांची डोकेफोड वाचते.

तीन शॉर्टकट, जे महागात पडतात

आता त्या ‘पटकन चालू करून देतो’ वाल्या इलाजांकडे येऊ. पहिला, फोल्डर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोलने खुला करणं. दुसरा, मशीनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड भरणं. तिसरा आणि सगळ्यात वाईट, विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणं.

ही पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टनेच नाकारली आहे. २०१६ मध्येच त्यांनी ती वापरू नका असं जाहीर सांगितलं होतं. १४ मार्च २०१७ ला तिच्यातलं एक भगदाड बुजवणारा अपडेटही दिला. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांना १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने गाठलं. त्याने फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक अडकले. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० ची जी आवृत्ती आली, तिच्या नव्या इन्स्टॉलमध्ये ही पहिली भाषा मुळातच बंद ठेवलेली होती.

आणि हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. त्याच कंपनी समूहाकडे आपल्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल होतं, गेटवे टर्मिनल्स इंडिया. तिथली कामं ठप्प झाली, कंटेनर अडकले. नाशिकची द्राक्षं आणि आपल्या कारखान्यांचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो, तेच हे बंदर. मेर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज कंपनीने २० ते ३० कोटी डॉलर सांगितला.

नॉटपेट्या पसरला कसा, हे आपल्या विषयाला थेट लागू होतं. एक, त्याच जुन्या एसएमबीतल्या भगदाडातून. दोन, एका संगणकात सापडलेले पासवर्ड वापरून दुसऱ्या संगणकांत शिरून. जिथे एकच ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड सगळीकडे चालत होता, तिथे अपडेट टाकलेले संगणकही वाचले नाहीत. आता विचार करा, तुमच्या मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये कुणाचा पासवर्ड पडून आहे? वेगळा, साधा, एकाच फोल्डरपुरता युझर असेल, तर चोराच्या हाती लागलं तरी एका खोलीची किल्ली लागेल, अख्ख्या घराची नाही.

मशीन खूपच जुनं असेल तर?

लहान युनिटला दर तीन वर्षांनी नवं मशीन परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पहिल्या आवृत्तीशिवाय पर्यायच नाही असं कधीच नसतं.

सगळ्यात सोपा मार्ग पेनड्राइव्ह. बहुतेक मशीनना खाच असते. रोज पाच-दहा कागद असतील तर तेवढं पुरतं. दुसरा मार्ग, उलट दिशेने स्कॅन. मशीनच्या कंपनीचं स्कॅन सॉफ्टवेअर संगणकावर टाका आणि स्कॅनची सुरुवात संगणकावरून करा. तेव्हा संगणक मशीनकडे जातो, मशीनला आपला फोल्डर उघडून द्यावा लागत नाही.

तिसरा, ईमेल. इथेही नियम बदललेत. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड आता मशीनमध्ये चालत नाही. २०२२ पासून गूगलने ती सवलत बंद करायला सुरुवात केली. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो आणि तो मशीनमध्ये भरायचा असतो. यासाठी मालकाचं घरचं जीमेल वापरू नका, स्कॅनपुरतं वेगळं खातं काढा.

मशीन एसएमबी २ बोलतं, फक्त सही जमत नाही, असंही होतं. तेव्हा जाणकार इंजिनिअर त्या एका संगणकावरची सहीची सक्ती काढू शकतो. विंडोजमध्ये ती सोय आहे. पण सुरक्षा तेवढी कमी होते, म्हणून नवं मशीन येईपर्यंतच ठेवा. ज्या संगणकावर टॅली आणि बँकेची कामं होतात तो संगणक यासाठी निवडू नका.

फोल्डरमध्ये पडलंय काय?

इतका वेळ आपण तांत्रिक बोललो. आता तो स्कॅनचा फोल्डर उघडून बघा. कामगारांची आधार कार्डं, पॅन, बँक पासबुकं, पगाराच्या स्लिपा. फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात याहून जास्त: मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, शिष्यवृत्तीचे कागद, पासपोर्ट, निकाहनामे, घराची खरेदीखतं. २०२५ च्या जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी उमीद पोर्टल सुरू झालं, तेव्हा गावोगावच्या मुतवल्लींना आणि ट्रस्टींना जुने कागद स्कॅन करत फिरावं लागलं. लोकांनी भरवशाने दिलेले हे कागद म्हणजे अमानत आहे. काम झाल्यावर मूळ कागद आपण परत देतो, पण त्याची प्रत फोल्डरमध्ये तशीच राहते. तो फोल्डर ‘एव्हरीवन’ला खुला असेल, तर ऑफिसच्या नेटवर्कवर आलेल्या कुणालाही, अगदी वायफायचा पासवर्ड मागून घेतलेल्या पाहुण्यालाही, तो उघडता येऊ शकतो.

कायद्याचीही बाजू आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लोकांच्या माहितीची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा मोठा दंड लहान दुकानावर बसेल असं नाही, पण जबाबदारी लहान-मोठ्या सगळ्यांची आहे.

म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. कामाच्या फाइल योग्य जागी हलवा, बाकीच्या काढून टाका, रिसायकल बिनसकट.

मशीनच्या पोटातही कागद राहतात. बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि स्कॅन-झेरॉक्सच्या प्रतिमा तिच्यावर साठतात. अमेरिकेत अफिनिटी हेल्थ प्लॅन नावाच्या संस्थेने भाड्याची झेरॉक्स मशीन डिस्क न पुसता परत केली. त्यात रुग्णांची माहिती निघाली आणि २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपल्याकडे वापरलेली मशीन सर्रास विकली-घेतली जातात. विकताना किंवा भाड्याचं मशीन परत देताना डिस्क पुसून घ्या आणि ॲड्रेस बुक रिकामं करा. जुनं मशीन विकत घेतलं असेल तर आधीच्या मालकाचं जे काही आत असेल ते न बघता पुसा. आणि मशीनच्या पानाचा कंपनीने दिलेला मूळ ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो इंटरनेटवर कुणालाही सापडतो.

या मशीनची कामं करणाऱ्या आपल्या तरुणांनाही एक सांगणं. गिऱ्हाईक घाईत असतं, ‘काहीही कर, पण आत्ता चालू कर’ म्हणतं. तेव्हा ‘एव्हरीवन’ची खूण करून निघून जाणं सोपं असतं. पण अर्धा तास जास्त देऊन वेगळा युझर बनवून दिलात, तर पुढच्या वेळी लाइट गेल्यावर किंवा विंडोज अपडेट झाल्यावर त्याच तक्रारीसाठी पुन्हा धावावं लागणार नाही, आणि गिऱ्हाईकही टिकेल.

ऑफिसात एवढं करून ठेवा: एका कागदावर मशीनचा पत्ता, संगणकाचा पत्ता, फोल्डरचं नाव, स्कॅनच्या युझरचं नाव आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती तारीख लिहा आणि मशीनच्या बाजूला चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका, तो मालकाच्या डायरीत राहू द्या. आणि फाइल अचानक उघडेनाशा झाल्या किंवा कुणी खंडणी मागितली, तर त्या संगणकाची नेटवर्कची केबल आधी काढा. कागदांचा गैरवापर होऊन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितक्या लवकर होईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.